विश्लेषण : वीस-बावीस जणांचं ‘बनाना पुडिंग’ आदल्या रात्रीच कसं करायचं? आणि जमलेलं कस्टर्ड सकाळी पातळ का होतं?

गेल्या डिसेंबरात चुलत बहिणीचं केळवण आमच्या घरी होतं. बावीस माणसं, दोन शेगड्या आणि एकच फ्रिज. जेवणाचं काका-काकूंनी बघितलं, गोडाचं मी अंगावर घेतलं. मोबाइलवर सारखं समोर येणारं बनाना पुडिंग करायचं ठरलं. रात्री साडेदहाला कस्टर्ड इतकं दाट होतं की चमचा उलटा केला तरी पडत नव्हतं. सकाळी डबा उघडला, तर आत कढी.

आजीने वाटीभर खाल्लं आणि ‘शिकरण छान झालंय रे’ असं सर्टिफिकेटही दिलं. शिकरणात बिस्किटं कुठून आली, हे तिने विचारलं नाही.

त्यानंतर हे पुडिंग तीन वेळा केलं आणि तिन्ही वेळा जमलं. पहिल्या वेळी काय चुकलं, याचं उत्तर पाककृतीत नव्हतं, रसायनशास्त्रात होतं. लग्नसराई, बारसं, भाऊबीज किंवा नुसतंच ‘सगळे जमलोय तर जेवूया’ अशा बेतासाठी हा पदार्थ सोयीचा का आहे आणि त्यात नेमकं कुठे फसायला होतं, ते पाहू.

बनाना पुडिंग म्हणजे नेमकं काय?

बिस्किटांचा थर, केळ्याच्या चकत्यांचा थर, वर कस्टर्ड, पुन्हा तेच आणि शेवटी फेटलेलं क्रीम. रात्रभर फ्रिजमध्ये राहिलं की बिस्किटं कस्टर्डमधलं पाणी शोषून केकसारखी मऊ होतात. चमचा वरून खालपर्यंत गेला की सगळे थर एकदम येतात. ओव्हन लागत नाही. इंग्लंडच्या ‘ट्रायफल’ या थरांच्या पुडिंगचा हा अमेरिकी वंशज. आपल्या भाषेत सांगायचं तर शिकरणाला बिस्किटांचा पाया आणि कस्टर्डच्या भिंती दिल्या आहेत.

हा पदार्थ आला कुठून?

आज बनाना पुडिंग म्हटलं की अमेरिकेची दक्षिणेकडची राज्यं आठवतात : टेनेसी, जॉर्जिया, अलाबामा, कॅरोलिना. तिथे चर्चचं सामूहिक जेवण असो, कुटुंबाचं वार्षिक संमेलन असो की बार्बेक्यूचं हॉटेल, शेवटी हे पुडिंग असतंच. टेनेसीतल्या सेंटरव्हिल या छोट्या गावात तर ऑक्टोबरात ‘नॅशनल बनाना पुडिंग फेस्टिव्हल’ भरतो.

पण सुरुवात दक्षिणेतली नाही. १८८८ मध्ये ‘गुड हाउसकीपिंग’ या अमेरिकी मासिकात बनाना पुडिंगची कृती छापून आली होती. तिच्यात बिस्किटं नव्हती, स्पंज केकचे तुकडे होते. केळं तेव्हा अमेरिकेत नव्याने रुळत होतं. मध्य अमेरिका आणि कॅरिबियन बेटांवरून बोटीने ते न्यू ऑर्लिन्ससारख्या बंदरात उतरायचं आणि तिथून रेल्वेने उत्तरेकडे जायचं. केंटकी राज्यातलं फुल्टन हे या मार्गावरचं मोठं जंक्शन. केळ्याच्या डब्यांत तिथे पुन्हा बर्फ भरला जायचा. पुढे याच गावाने केळ्याचा उत्सव सुरू केला आणि त्यात एक टनाचं बनाना पुडिंग करून लोकांना वाटायची पद्धत पाडली. केळं न पिकणाऱ्या गावाची ही केळ्यावरची निष्ठा आपल्या रावेर-यावलकरांनी दाद द्यावी अशीच!

केकच्या जागी व्हॅनिला वेफर, म्हणजे छोटी गोल व्हॅनिला बिस्किटं, वापरणारी कृती १९२१ मध्ये इलिनॉय राज्यातल्या ब्लूमिंग्टनच्या ‘पँटाग्राफ’ या वृत्तपत्रात आली. १९४० च्या दशकात नॅबिस्को कंपनीने आपल्या वेफरच्या खोक्यावरच पुडिंगची कृती छापायला सुरुवात केली. तिथून ते घराघरात गेलं. आपल्याकडे कस्टर्ड पावडरच्या डब्यामागची कृती वाचून फ्रूट सॅलड शिकलेली एक अख्खी पिढी आहे. त्यामुळे खोक्यावरची कृती काय करू शकते, हे मराठी घरांना वेगळं सांगायला नको.

आपल्याकडे त्याची चर्चा अचानक का?

न्यूयॉर्कच्या ब्लीकर स्ट्रीटवर १९९६ मध्ये सुरू झालेल्या ‘मॅग्नोलिया बेकरी’चं बनाना पुडिंग तिथे इतकं चाललं की ते पाहायला आणि खायला पर्यटक रांगा लावू लागले. ही बेकरी २०१९ मध्ये बेंगळुरूत आली. बेंगळुरूत आयटीत नोकरी करणारी मराठी मुलं सुट्टीला घरी आली की ‘तिथलं ते केळ्याचं पुडिंग’ हा विषय निघू लागला. मग मोबाइलवर कृतींचा पूर आला.

आणि इथेच पहिला खड्डा आहे. मॅग्नोलियाच्या धर्तीवरच्या अमेरिकी कृतीत कस्टर्ड शिजवत नाहीत. तिथे ‘इन्स्टंट पुडिंग मिक्स’ मिळतं. त्यातलं स्टार्च कारखान्यातच शिजवून वाळवलेलं असतं, त्यामुळे थंड पाण्यात आणि कन्डेन्स्ड मिल्कमध्ये घुसळलं की ते आपोआप दाट होतं. आपली कस्टर्ड पावडर म्हणजे बव्हंशी कच्चं कॉर्नफ्लोअर, त्यात व्हॅनिलाचा वास आणि पिवळा रंग. ती थंड दुधात कितीही घुसळली तरी दाट होणार नाही. तळाशी बसेल आणि तोंडात खडूसारखी लागेल. अमेरिकी व्हिडिओ पाहून कस्टर्ड पावडर तशीच ढवळणाऱ्यांचं पुडिंग फसतं ते यामुळे. पावडर शिजवावीच लागते.

या पावडरीचा जन्मही मजेशीर आहे. १८३७ मध्ये इंग्लंडच्या बर्मिंगहॅममध्ये आल्फ्रेड बर्ड नावाच्या केमिस्टने ती तयार केली, कारण त्याच्या बायकोला अंडं सोसत नव्हतं. एका नवऱ्याने बायकोसाठी केलेली ही सोय आपल्या शाकाहारी घरांच्या उपयोगी पडली.

आदल्या रात्री करण्याचा एवढा आग्रह का?

केळवणाच्या दिवशीचंच सांगतो. पुऱ्या गरमच हव्यात म्हणून काकू शेवटची पंगत उठेपर्यंत कढईपाशी होती. नवरी मुलीला उखाणा घ्यायला लावला, फोटो झाले, हसणं-खिदळणं झालं, ते सगळं तिने स्वयंपाकघरातून ऐकलं. ‘काकू, तू बस ना आता’ असं तीन जण म्हणाले. कढईजवळ जाऊन झारा मात्र कोणी हातात घेतला नाही. मीही नाही. मी फसलेल्या कस्टर्डच्या वाट्या भरत होतो.

बासुंदी आटवायला उभं राहावं लागतं, जिलबी आणि गुलाबजाम ऐन वेळी गरम लागतात, पुरणपोळी तर विचारूच नका. बनाना पुडिंग ताजं चांगलं लागत नाही. त्याला फ्रिजमध्ये किमान चार तास हवेत, आठ-दहा मिळाले तर उत्तम. म्हणजे पंगतीच्या दिवशी त्याला कोणाचेही हात लागत नाहीत. डबा काढायचा, वाढायचं, बसायचं. मोठ्या घरगुती जेवणासाठी पदार्थ निवडताना चवीइतकाच हा मुद्दा धरायला हवा, असं माझं आता ठाम मत झालं आहे.

वीस-बावीस जणांसाठी साहित्य किती?

सायीचं म्हणजे फुल क्रीम दूध दीड लिटर. व्हॅनिला कस्टर्ड पावडर ९० ग्रॅम, म्हणजे साधारण नऊ सपाट टेबलस्पून. साखर १५० ग्रॅम. लोणी ३० ग्रॅम, चिमूटभर मीठ, चमचाभर व्हॅनिला इसेन्स. मध्यम आकाराची दहा पिकलेली केळी. मारी बिस्किटं ३०० ग्रॅम, म्हणजे पन्नासेक. व्हिपिंग क्रीम ४०० मिली. एवढ्यात प्रत्येकाला दीडशे ग्रॅमच्या आसपास, म्हणजे भरगच्च वाटी मिळते.

कस्टर्ड पावडरीच्या पाकिटावर साधारणपणे अर्ध्या लिटर दुधाला दोन टेबलस्पून असं प्रमाण असतं. ते फ्रूट सॅलडसारखं ओतायचं कस्टर्ड. थर उभे राहायचे तर दीडपट, म्हणजे अर्ध्या लिटरला तीन हवेत. साखर मात्र वाढवू नका. केळी गोड असतात, बिस्किटं गोड असतात. कस्टर्ड चाखून ‘थोडं कमी गोड आहे’ असं वाटलं, की समजायचं बरोबर झालं.

एका मोठ्या भांड्यापेक्षा दोन-अडीच लिटरचे दोन उथळ डबे घ्या. फ्रिजच्या कप्प्यात मावतात, लवकर गार होतात आणि एक पडला-फसला तरी दुसरा असतो. काचेचे असतील तर थर दिसतात. नसतील तर स्टीलचे चालतात, चवीत फरक पडत नाही.

मारीऐवजी ग्लुकोज बिस्किटं घेता येतील, पण ती फार लवकर विरघळतात. रात्रभर ठेवायचं तर मारी बरी. दुपारी करून संध्याकाळी वाढणार असाल तर ग्लुकोज. लोण्याची कुकीज महाग पडतात आणि तेवढी चव वाढतही नाही. नानकटाईचा चुरा मधल्या थरात घालून पाहा. ते एकदा जमलं की नेहमी कराल.

केळी कोणती आणि केव्हा आणायची?

जगात सर्वाधिक केळी भारतात पिकतात आणि महाराष्ट्रात केळं म्हणजे जळगाव. रावेर, यावल, चोपडा या पट्ट्यातल्या बागांमधून ट्रक भरून केळी उत्तरेकडे जातात. जळगावच्या केळ्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. हातगाडीवर डझनाने मिळणारं लांब पिवळं केळं बहुधा ‘ग्रँड नैन’ वाणाचं, शेतकऱ्यांच्या भाषेत ‘जी-नाइन’ असतं. पुडिंगसाठी तेच ठीक. वेलची केळी घेतली तर सोलायचा व्याप वाढतो, पण ती गच्च असतात, किंचित आंबटसर असतात आणि चकती मोडत नाही. मला वेलचीचंच जास्त आवडलं. तीन वेलची म्हणजे एक मोठं केळं, असा साधारण हिशेब.

साल पूर्ण पिवळी, देठ हिरवा नाही आणि सालीवर तपकिरी ठिपके नुकते दिसू लागलेत, ही नेमकी वेळ. केळं पिकताना त्यातल्या स्टार्चची साखर होते. हिरवट केळं पुडिंगमध्ये तुरट लागतं. फार ठिपक्यांचं केळं रात्रभरात लगदा होतं. कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी किंचित कमी पिकलेली आणून ओट्यावर ठेवा. फ्रिजमध्ये नको. १३ अंश सेल्सिअसच्या खाली केळ्याच्या सालीतल्या पेशींना इजा होते, साल काळी पडते आणि पिकण्याची क्रिया अडते.

केळी पिकवण्यासाठी कॅल्शियम कार्बाइड वापरायला अन्नसुरक्षा नियमांनुसार बंदी आहे. परवानगी इथिलीन वायूची आहे, तीही १०० पीपीएमपर्यंत. रायपनिंग चेंबरमधून आलेलं केळं म्हणजे ‘केमिकलचं’ असा सरसकट समज चुकीचा आहे. इथिलीन फळ स्वतःही तयार करतं.

कस्टर्ड कसं शिजवायचं?

दीड लिटरपैकी पाव लिटर थंड दूध बाजूला काढा आणि त्यात कस्टर्ड पावडर गुठळ्या मोडून मिसळा. गरम दुधात पावडर थेट टाकली तर प्रत्येक कणाचा बाहेरचा भाग लगेच फुगतो, आतला कोरडा राहतो आणि गाठी होतात. उरलेलं दूध साखर घालून जाड बुडाच्या पातेल्यात उकळा. आच मंद करा, थंड मिश्रण पुन्हा एकदा ढवळून धारेने ओता आणि दुसऱ्या हाताने ढवळत राहा.

मक्याच्या स्टार्चचे कण साधारण ६२ ते ७२ अंशांच्या दरम्यान पाणी शोषून फुगू लागतात. पण पूर्ण दाटपणा उकळीच्या जवळ, ९५ अंशांच्या आसपास येतो. म्हणून ‘दाट झालं वाटतं’ म्हणून लगेच गॅस बंद करू नका. पहिले बुडबुडे फुटल्यावर आणखी दोन-तीन मिनिटं मंद आचेवर ठेवा. कच्चट वास जातो आणि दाटपणा टिकतो. मग गॅस बंद करून लोणी, मीठ आणि इसेन्स घाला.

अमेरिकेतल्या मूळ कृतीत कस्टर्ड अंड्याच्या पिवळ्या बलकाचं असतं. तसं करणार असाल तर उकळी आणखी महत्त्वाची. बलकात स्टार्च तोडणारं एक एन्झाइम असतं. ते उष्णतेने निकामी झालं नाही, तर दाट दिसणारं कस्टर्ड फ्रिजमध्ये पातळ होतं.

मग बिनअंड्याचं कस्टर्ड पातळ का झालं?

आता आमच्या कढीचं रहस्य. त्या रात्री कस्टर्डचं पातेलं ओट्यावर गार होत होतं. मी चमच्याने चाखलं, चमचा परत बुडवला. पुतणीने चाखलं. काकाने ‘बघू’ म्हणून दोनदा चाखलं. चमचा एकच, पातेल्यातच.

आपल्या लाळेत अमायलेज नावाचं एन्झाइम असतं. स्टार्चच्या लांब साखळ्या तोडून त्यांची साखर करणं हेच त्याचं काम. पोळी बराच वेळ चावली की गोड लागते ती यामुळे. एन्झाइम कामात खर्ची पडत नाही. एक साखळी तोडली की ते पुढच्या साखळीकडे जातं, त्यामुळे थेंबभर पुरतं. त्याला सर्वांत मानवणारं तापमान म्हणजे आपल्या शरीराचं, ३७ अंशांच्या आसपास. कोमट कस्टर्ड म्हणजे त्याच्यासाठी अंगणच. उकळत्या कस्टर्डमध्ये ते निकामी झालं असतं, फ्रिजच्या थंडीत फार मंदावलं असतं. आम्ही त्याला नेमकी मधली वेळ दिली आणि वर तासभर ओट्यावर मोकळं सोडलं.

आजी घरात ‘उष्टा चमचा पातेल्यात घालू नका’ म्हणून कायम ओरडते. आम्ही ते सोवळ्या-ओवळ्याच्या खात्यात टाकलं होतं. कस्टर्डपुरतं तरी तिचं म्हणणं प्रयोगशाळेत टिकणारं आहे. चाखायचं तर वाटीत काढून घ्या.

थर लावायची योग्य वेळ कोणती?

पातेलं परातीतल्या थंड पाण्यात ठेवून पंधरा-वीस मिनिटं अधूनमधून ढवळा. बाहेरून हात लावल्यावर कोमट लागलं की थर लावायला घ्या. कस्टर्ड पूर्ण गार होऊन घट्ट बसेपर्यंत थांबू नका. गार होताना स्टार्चच्या साखळ्या एकमेकींत गुंतून जाळं धरतात. ते जाळं नंतर चमच्याने मोडलं की कस्टर्ड फुटल्यासारखं, दाणेदार होतं आणि पाणी सोडतं. उलट कोमट कस्टर्ड बिस्किटात छान मुरतं आणि डब्यातच घट्ट बसतं.

प्रत्येक डब्यात तळाशी बारा बिस्किटं, फटींत तुकडे. त्यावर अडीच केळ्यांच्या चकत्या, साधारण अर्धा सेंटिमीटर किंवा थोड्या जाड. त्यावर एक चतुर्थांश कस्टर्ड. पुन्हा तोच क्रम. सर्वांत वर कस्टर्डच हवं, केळं नको. वरच्या थराला लागून प्लास्टिकची फिल्म किंवा बटर पेपर चिकटवला तर साय धरत नाही. केळी शेवटच्या क्षणी, एका थरापुरतीच चिरा.

केळं काळं पडू नये म्हणून काय करावं?

केळं चिरलं की पेशी फुटतात आणि आतलं एक एन्झाइम हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने तपकिरी रंगद्रव्य तयार करतं. सफरचंद आणि वांग्याचंही तेच. आम्लामुळे हे एन्झाइम मंदावतं, म्हणून लिंबाचा रस चोळायचा सल्ला सगळीकडे असतो. मी एकदा तसं केलं, दोनदा नाही. चकत्या कस्टर्डखाली पूर्ण झाकल्या असतील तर हवा पोचत नाही आणि लिंबाची गरज पडत नाही. लिंबाने चवीत मात्र फरक पडतो. काचेच्या डब्यात कडेला दिसणाऱ्या चकत्या थोड्या तपकिरी होतात. कोणाच्याही लक्षात आलं नाही, फोटो काढणाऱ्याच्या सोडून.

केळ्याऐवजी दुसरं फळ घालणार असाल तर कच्चं अननस, किवी आणि पपई टाळा. त्यांतली एन्झाइम दुधाची प्रथिनं तोडतात आणि काही तासांत कडवट चव येते. आंबा चालतो. एप्रिल-मेमध्ये हापूस घालून हाच डबा केला, तर अमेरिकी माणूस नाव विसरेल.

क्रीम फुलत का नाही?

किराणा दुकानात टेट्रापॅकमध्ये मिळणाऱ्या ‘फ्रेश क्रीम’मध्ये साधारण २५ टक्के फॅट असतं. ते फेटून फुलत नाही. हवेचे बुडबुडे धरून ठेवायला ३० ते ३५ टक्के फॅट लागतं, म्हणून पाकिटावर ‘व्हिपिंग क्रीम’ लिहिलेलं बघा. केकवाले वापरतात ते ‘नॉन-डेअरी टॉपिंग’ वनस्पती तेलाचं असतं. चटकन फुलतं, आधीच गोड असतं, पण टाळूला तुपकट थर बसतो. फेटताना भांडं, क्रीम आणि बीटरची पाती सगळं फ्रिजमधून थेट काढलेलं हवं.

क्रीम मिळालं नाही तर श्रीखंडाचा चक्का आहे. ४०० ग्रॅम चक्का, ६० ग्रॅम पिठीसाखर, दोन-तीन चमचे दूध, फेटून मऊ करायचं. गोड कस्टर्डवर त्याचा आंबटपणा छान लागतो. माझ्या तिसऱ्या डब्याला हाच होता आणि पहिल्यांदा तोच संपला. क्रीम असो वा चक्का, पुडिंग पूर्ण गार झाल्यावर, शक्यतो वाढण्याच्या दिवशी सकाळी पसरा. दक्षिणेकडच्या जुन्या कृतींत वर अंड्याच्या पांढऱ्याचं मेरिंग पसरून ओव्हनमध्ये तपकिरी करतात. ते वेगळं प्रकरण.

किती वेळ टिकतं? कोणाला चालतं?

दूध, केळी आणि साखर असलेला पदार्थ जंतूंनाही आवडतो. फ्रिजबाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका. पारा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. दुसऱ्याच्या घरी न्यायचं असेल तर डबा बर्फाच्या पिशव्यांसह थर्मोकोलच्या खोक्यात न्या. फ्रिजमध्ये २४ तास उत्तम, ३६ तासांनंतर बिस्किटं पिठूळ आणि केळी काळपट. फ्रीझरमध्ये अजिबात नको. कॉर्नफ्लोअरचं कस्टर्ड गोठून वितळलं की पाणी सोडतं आणि स्पंजसारखं होतं.

बिस्किटात मैदा आहे, त्यामुळे चतुर्थी-एकादशीला हे चालणार नाही. अंडं न खाणाऱ्यांसाठी बिस्किटाच्या पाकिटावरचा हिरवा ठिपका तपासा. केळं आणि दूध एकत्र खाणं आयुर्वेदात विरुद्ध आहार मानलं आहे. ज्या घरात ते पाळतात तिथे हा बेत करू नका. बाकीच्यांकडे शिकरण-पोळी पिढ्यान्‌पिढ्या चालूच आहे. मधुमेह असलेल्यांसाठी ‘साखर कमी घातलीय’ हे समाधान खोटं आहे. केळं, बिस्किट आणि कॉर्नफ्लोअर तिघंही रक्तातली साखर वाढवतात. आजीला आम्ही छोट्या वाटीत दोन चमचे देतो, तेही जेवणाबरोबर.

वेळापत्रक म्हणाल तर असं : दोन दिवस आधी केळी. आदल्या संध्याकाळी सातला कस्टर्ड, साडेसातला थर, आठला डबे फ्रिजमध्ये. सकाळी दहा मिनिटं क्रीमला. वाढायच्या वेळी वरून बिस्किटाचा चुरा. मार्चमध्ये बहिणीच्या सासरी दोन डबे नेले, तेव्हा एवढंच काम होतं. काकूला त्या दिवशी पुऱ्या तळायच्या नव्हत्या, पोळ्या बाहेरून मागवल्या होत्या. ती पहिल्या पंगतीला बसली आणि दुसरी वाटी तिने स्वतः मागून घेतली.